नूतनीकरणानंतर बाजार कोणाचा?

(रायपूर येथे मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कळला तेव्हा काही साथींनी मला सरळच विचारले की, महागाई, बेकारी, जंगल-जमिनीचे प्रश्न असे दारात उभे असताना जुन्या बाजारांचे आणि मॉलचे नूतनीकरण हा अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो? शंका रास्त आहे. परंतु शहरातल्या बाजाराकडे आपण केवळ खरेदीची जागा म्हणून पाहतो, म्हणून ती उद्भवते. वस्तुतः बाजार ही अशी जागा आहे की जिथे कारखान्याच्या फाटकापेक्षाही अधिक माणसे रोज पोटासाठी येतात. जिथे गाळेधारक, हमाल, टोपलीवाली, नोकरदार मुलगी, सुरक्षारक्षक आणि गिऱ्हाईक एकाच छपराखाली परस्परांशी निरनिराळ्या नात्यांनी बांधलेले असतात. त्या इमारतीला नवा दर्शनी भाग येतो, फरशी बदलते, दिवे लागतात, तेव्हा ही नातीही बदलतात. ती कशी बदलतात आणि कोणाच्या हिताने बदलतात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपण ज्या शहरात जमलो आहोत त्याचीच गोष्ट प्रथम घेऊ. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणूस रायपुरात आहे; तात्यापारा या मोहल्ल्याचे नाव आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ या दोन खुणा पुरेशा आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन झाले आणि एका विभागीय व्यापारी गावाला अकस्मात राजधानीचा दर्जा मिळाला. कार्यालये आली, ठेकेदार आले, जमिनीचे दलाल आले. गोल बाजार, सदर बाजार, मालवीय रस्ता, शास्त्री बाजार हे सगळे जुने बाजार शहराच्या ऐन मध्यावर वसलेले. त्यांत चालणाऱ्या व्यापारापेक्षा त्यांच्या पायाखालच्या जमिनीचे मोल कितीतरी अधिक होऊन बसले. बाजाराच्या नूतनीकरणाची भाषा नेमकी अशा वेळी सुरू होते, हा सगळीकडचा अनुभव आहे. छप्पर चाळीस वर्षे गळत असते. पण ते गळते आहे हे प्रशासनाच्या लक्षात येते ते जमीन महागल्यानंतर.

मे २०१६ मध्ये रायपूरची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. त्या योजनेखाली ज्या कामांचा गाजावाजा झाला त्यांत मालवीय रस्त्यावरील जवाहर बाजाराचे काम होते. जुना बाजार पाडून त्या जागी वाहनतळासह बहुमजली व्यापारी संकुल उभे राहिले. जुन्या दुकानदारांना नव्या इमारतीत जागा देणे हा अशा योजनांचा एक भाग असतो, आणि उरलेले गाळे लिलावाने विकून बांधकामाचा खर्च काढणे हा दुसरा. योजनेचे पत्रक वाचताना पहिला भाग डोळ्यांत भरतो. बाजाराचे स्वरूप ठरते ते मात्र दुसऱ्या भागाने.

हे थोडे उलगडून पाहिले पाहिजे. जुन्या नगरपालिका बाजारात ओटा असतो, खोका असतो, चार फुटांचा गाळा असतो. त्याचे भाडे नगरपालिकेने कधीकाळी ठरविलेले असते आणि ते हळूहळू वाढते. गाळा बापाकडून मुलाकडे जातो. दोन गाळ्यांच्या मधल्या पायरीवर एखादी भाजीवाली नाहीतर मणी-पोत विकणारी बाई पसरा मांडून बसते. गाळेधारक तिला हुसकावीत नाही, कारण तिच्याकडे येणारे गिऱ्हाईक त्याच्याकडेही डोकावते. हा व्यवहार कोणत्याही नकाशावर नसतो आणि कोणत्याही नोंदवहीत नसतो. नव्या संकुलाचा नकाशा काढणारा अभियंता मोजतो ते अधिकृत गाळेधारक. पायरीवरची बाई त्याच्या हिशेबात येतच नाही, कारण नव्या इमारतीत ती पायरीच नसते. तिला कोणी घालवून देत नाही. तिची बसण्याची जागा तेवढी कागदावरून पुसली जाते.

गाळेधारकाचेही सगळे कुशल असते असे नाही. जमिनीलगतचा गाळा आणि दुसऱ्या मजल्यावरचा गाळा क्षेत्रफळाने सारखे असले तरी धंद्याने सारखे नसतात. दहा रुपयांच्या वस्तूसाठी कोणीही दोन जिने चढत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर सुई-दोरा, खण, बांगडी असला किरकोळ माल टिकत नाही. तिथे हळूहळू शिकवण्या, विमा प्रतिनिधी, संगणक दुरुस्ती येते. सरकता जिना असला तर त्याच्या विजेचा आणि देखभालीचा खर्च गाळेधारकांवर पडतो. तो न पेलणारा गाळेधारक आपला हक्क एखाद्या साखळी-दुकानवाल्याला भाड्याने देतो आणि स्वतः घरी बसतो. त्यामुळे पुनर्वसन पूर्ण झाल्याचा दाखला महापालिकेच्या दप्तरात बिनतक्रार लागतो, आणि तरीही बाजारातील माणसे पाच-सात वर्षांत बदललेली असतात.

गोल बाजाराकडे या दृष्टीने पाहावे अशी माझी विनंती आहे. पूजेचे साहित्य, जडीबुटी, मसाले, भांडी, लग्नाचे सामान असा तो बाजार. खेड्यातून आलेले कुटुंब लग्नाची सगळी खरेदी एका दिवसात तिथे उरकू शकते. गाळेधारकांना मालकी हक्क देण्याचा विषय गेल्या काही वर्षांत महापालिकेत वारंवार चर्चेला आला. मालकी हा शब्द ऐकायला गोड आहे. परंतु ज्याला मालकीची किंमत आणि विकासशुल्क भरता येईल त्याचीच मालकी होणार, आणि एकदा मालकी झाली की गाळा विकताही येणार, हे दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. भाडेकरू असताना ज्या छोट्या दुकानदाराला कोणी उठवू शकत नव्हते, त्याला मालक झाल्यावर बाजारभावाचे आमिष उठवू शकते. मालकीला विरोध करा असे मी म्हणत नाही. ती घेताना विक्रीवर काय बंधन राहील, ते आधी विचारून घ्या.

आता रायपुराबाहेर, परंतु फार दूर नाही. राजनांदगावची बी.एन.सी. मिल आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १९२० साली ठाकूर प्यारेलालसिंग यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कामगारांनी केलेला दीर्घ संप हा मध्य भारतातील कामगार चळवळीचा आरंभकाळ मानला जातो. तिथली मच्छरदाणी प्रसिद्ध होती. १९८४ साली तिथल्या कामगारांवर गोळीबार झाला, आणि नव्या शतकाच्या आरंभी ती मिल बंद पडली. बंद गिरणीचे काय होते, याचे एक उत्तर राजनांदगावात मिळते: भोंगा थांबतो आणि गाव ओस होते. दुसरे उत्तर मुंबईत लोअर परळला मिळते, आणि आजच्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण तेच आहे.

सेनापती बापट मार्गावरील फिनिक्स मिल ही १९०५ सालची कंपनी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; तो औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. संपानंतरच्या दशकात गिरणी मालकांच्या लक्षात आले की सुतापेक्षा जमीन अधिक नफ्याची आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्यास परवानगी दिली, पण त्यातला ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी द्यावा आणि उरलेला मालकाने घ्यावा, अशी वाटणी घातली. तथापि ही वाटणी मोकळ्या जमिनीला व नव्या बांधकामाला लागू होणारी होती. उभ्या इमारतीचा वापर बदलण्यास वाट मोकळी होती. म्हणजे गिरणीची शेड पाडली तर जमीन वाटावी लागेल; तीच शेड रंगवून, काचा लावून, आत दुकाने घातली तर काहीच द्यावे लागणार नाही. मित्रहो, ‘नूतनीकरण’ हा शब्द इथे वास्तुशास्त्राचा राहिला नाही. तो वाटणी टाळण्याची कायदेशीर युक्ती झाला. २००१ साली नियमात बदल करून वाटणीचा हिशेब केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता मर्यादित केला गेला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मोकळी मैदाने आणि कामगारांची घरे या दोन्हींचा वाटा त्यामुळे अतिशय आक्रसला.

फिनिक्सच्या आवारात नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस बोलिंगचे करमणूक केंद्र आले. कामगारांच्या करमणुकीच्या सोयीच्या नावावर ही परवानगी मिळविली गेली, असा आरोप त्या वेळी गाजला होता. ज्या कामगाराची पगारवाढ आणि थकबाकी अडकलेली आहे त्याने संध्याकाळी बूट भाड्याने घेऊन गुळगुळीत लाकडी फरशीवर चेंडू घरंगळवावा, ही कल्पना कोणाला सुचली असेल ते असो.

परंतु इथपासून पुढची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे. कारण गिरणीचा मॉल झाला एवढे सांगून आपण थांबतो. मॉलचाही पुन्हा मॉल होतो, हे आपण पाहत नाही. २००१ च्या सुमारास तिथे बिग बझार आले. डाळ, तांदूळ, तेल, स्वस्त कपडे, प्लॅस्टिकच्या बादल्या. परळ-लालबागच्या चाळींतली कुटुंबे, त्यांत गिरणी कामगारांचीही, रविवारी तिथे जाऊ लागली. सुट्टीच्या दिवशी लेकरांना घेऊन आलेली माणसे आवारात हिंडत, वडापाव खाऊन परतत. गिरणी गेली हे दुःख होतेच, परंतु त्या जागेत पाऊल टाकण्याची मुभा काही काळ उरली होती. २००९ साली त्याच आवारात पॅलेडियम उघडले. परदेशी घड्याळे, चामड्याच्या पिशव्या, अत्तरे. शेजारी पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. पुढे जुन्या भागाचेही स्वरूप नव्याकडे झुकत गेले आणि आज सबंध संकुल फिनिक्स पॅलेडियम याच नावाने ओळखले जाते. बिग बझार ही दुकानसाखळी तर २०२२ साली देशभरच संपुष्टात आली.

त्या आवारात गिरणीची चिमणी अजून उभी आहे. तिच्यावर रोषणाई होते. फोटो काढण्यासाठी ती उत्तम आहे.

या दुसऱ्या स्थित्यंतरात कोणी कोणाला मारहाण केली नाही, फाटकावर पाटी लावली नाही. दुकानांच्या यादीत बदल झाला, एवढेच. मॉलमधला गाळा बहुधा परवान्याने, ठरावीक मुदतीसाठी दिला जातो. किमान भाडे आणि शिवाय विक्रीतला हिस्सा असा त्याचा करार असतो. नगरपालिका बाजारातल्या ओट्यासारखा तो बापाकडून मुलाकडे जात नाही. मुदत संपली की मालक नूतनीकरण काढतो. नूतनीकरणाच्या काळात अर्धा मजला बंद राहतो. ज्याला सहा महिने धंदा बुडवणे परवडते तोच परततो, आणि परतताना भाडे नवे असते. प्रति चौरस फूट अधिक विक्री करणारा दुकानदार मालकाला हवा असतो, म्हणजे महाग वस्तू विकणारा हवा असतो. बादली विकणाऱ्याने कितीही कष्ट केले तरी बादलीच्या नफ्यात घड्याळाचे भाडे निघणार नाही. बादली गेली की बादली घेणारी बाई आपोआप येईनाशी होते. तिला अडवावे लागत नाही.

अडविण्याचा प्रयोगही मुंबईत होऊन गेला आहे. ताडदेवला, हाजी अलीपासून जवळ, १९९९ साली क्रॉसरोड्स हा मॉल सुरू झाला. देशातल्या अगदी पहिल्या मॉलपैकी तो एक. गर्दी इतकी लोटली की चालकांनी दारावर अट घातली: मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशमूल्य भरा. त्या वर्षी मोबाइल फोन किती हातांत होता, याची आठवण जुन्या साथींना असेल. ओरड झाली आणि ती अट मागे घ्यावी लागली. पण या मॉलची पुढची कहाणी मालकांनाही बोध घेण्याजोगी आहे. तो विकला गेला, त्याची अंतर्रचना बदलली, सोबो सेंट्रल असे नाव मिळाले. नव्या रूपात गर्दी परतली नाही. दुकाने एकेक करून बंद झाली, कर्ज थकले, आणि २०२४ साली ती मालमत्ता के. रहेजा समूहाने ४७६ कोटी रुपयांना घेतली. पंचवीस वर्षांत एक इमारत सरंजामी दिमाखाने उघडली, नाव बदलून जगू पाहिली आणि बँकेच्या वसुलीत गेली. या काळात तिथे काम केलेल्या विक्रेत्या मुली, उद्वाहनचालक, झाडूवाले यांचे काय झाले, हे त्या सौद्याच्या बातमीत नव्हते. असणारही नव्हते.

मॉल या कल्पनेचा जनक मानला जातो तो व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा वास्तुशिल्पी. समाजवादी विचारांत वाढलेला, राजकीय प्रहसनांत काम केलेला हा ज्यू तरुण नाझींनी १९३८ साली ऑस्ट्रिया गिळल्यावर अमेरिकेत पळाला. १९५६ साली मिनेसोटात त्याने साउथडेल हे पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित बाजारकेंद्र उभारले. अमेरिकेतल्या मोटारींनी वेढलेल्या वस्त्यांना व्हिएन्नासारखा चौक द्यावा, तिथे बाके असावीत, झाडे असावीत, शेजारी घरे, शाळा, दवाखाने असावेत, ही त्याची कल्पना होती. विकासकांनी त्यातली दुकाने आणि वाहनतळ घेतले. बाकीचे सोडून दिले. अखेरच्या वर्षांत त्याने या अपत्याचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. अमेरिकेतल्या जुन्या मॉलच्या नूतनीकरणात कारंजी आणि बसण्याच्या जागा काढून तिथे भाड्याच्या टपऱ्या बसविणे हा नेहमीचा प्रकार होऊन बसला आहे, कारण बसलेला माणूस काही विकत घेत नसतो.

मॉस्कोच्या ‘गुम’ची हकीकत आपल्याला अधिक जवळची आहे, आणि तीही डोळे उघडे ठेवून सांगितली पाहिजे. लाल चौकासमोरची ही प्रचंड इमारत १८९० ते १८९३ या काळात झारशाहीतल्या व्यापाऱ्यांसाठी बांधली गेली. तिचे काचेचे कमानदार छप्पर व्लादिमीर शुखोव या अभियंत्याने रचले. क्रांतीनंतर ती राष्ट्रीयीकृत झाली आणि नव्या आर्थिक धोरणाच्या काळात ‘राज्य सार्वत्रिक भांडार’ म्हणून चालली. १९२८ च्या सुमारास दुकाने बंद होऊन तिथे पंचवार्षिक योजनेची कार्यालये आली. डिसेंबर १९५३ मध्ये ती पुन्हा बाजार म्हणून उघडली. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे सोव्हिएत देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेला माणूस तिथे रांगेत उभा राही. रांगा होत्या, माल अपुरा होता; हे लपविण्यात अर्थ नाही. पण मधल्या कारंज्यापाशी कोणीही कोणाचीही वाट पाहत उभे राहू शकत असे. १९९० च्या दशकात तिचे खाजगीकरण झाले. छप्पर चकाचक झाले, पश्चिम युरोपातील उंची दुकाने आली. नावाची आद्याक्षरे मात्र तशीच राहिली, कारण रशियन भाषेत ‘राज्य’ आणि ‘मुख्य’ या दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर एकच आहे. राज्य भांडाराचे मुख्य भांडार झाले आणि पाटी बदलण्याचा खर्च वाचला. कारंजे आहे. इमारत तर पूर्वीपेक्षा अधिक चांगल्या स्थितीत आहे. एकाच छपराखाली चार राजवटींचे चार बाजार झाले. शुखोवची काच कोणाच्या डोक्यावर असावी याचा निर्णय प्रत्येक वेळी काचेबाहेर झाला.

आता दुसरी बाजू. आपल्यातील काही साथी मॉलकडे केवळ तुच्छतेने पाहतात आणि जुन्या बाजाराचे गोडवे गातात. हे मला मान्य नाही. जुन्या बाजारात स्त्रियांसाठी मुतारी नसते. दिवसभर पसरा मांडून बसणाऱ्या बाईने पाणी न पिता दिवस काढावा, ही त्या रम्य जुन्या बाजाराची रीत आहे. लोंबत्या तारा, कोंदट बोळ, अग्निशामक बंब आत शिरू शकणार नाही अशा गल्ल्या; आग लागली की पहिली राख होते ती लहान दुकानदाराची, कारण त्याचाच विमा नसतो. कोणी कोणत्या ओट्यावर बसायचे यात जातीचा हिशेब होता आणि पुष्कळ ठिकाणी आहे. बांबूचे सूप-टोपले विणणारा आपला माल घेऊन बाजाराच्या बाहेरच्या कडेला का बसतो, हे कोणी विचारीत नाही.

उलट मॉलमध्ये मे महिन्याच्या रायपुरी उन्हात गार हवा असते, स्वच्छ शौचालय असते, आणि एखादी कॉलेजकन्या मैत्रिणींबरोबर तासभर कोणाच्या नजरा न झेलता हिंडू शकते. तेलीबांध्याकडचा किंवा पंडरीचा मॉल तरुणांना का आवडतो, हे समजून न घेता त्यांना उपभोगवादाचे व्याख्यान देणे म्हणजे आपल्याच श्रोत्यांना सभागृहाबाहेर काढणे होय. रायपूरचे हे मॉल आता सुमारे पंधरा वर्षांचे होत आले. मॉलच्या आयुष्यात हेच वय नूतनीकरणाचे. पहिल्या पिढीचे मॉल नव्याशी स्पर्धा करू लागले की, लोअर परळला जे झाले त्याचा एखादा छोटा प्रयोग इथेही होऊ शकतो. मग गार हवेत विनामूल्य हिंडणाऱ्या त्या मुलीची गणना गिऱ्हाइकात होईल की गर्दीत, हे पाहावे लागेल.

म्हणून नूतनीकरण नको, ही मागणी नाही. नूतनीकरण कोणाला विचारून, हा प्रश्न आहे. आणि येथे आपल्या हाती कायदा अगदीच नाही असे नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अशी तरतूद आहे की, जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्रेते धंदा करीत आले आहेत तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित केला जाईल आणि तिथल्या विक्रेत्यांना हलविता येणार नाही. दगडी कमानीला वारसा म्हणणारे पुष्कळ आहेत. टोपलीला वारसा म्हणणारा हा बहुधा देशातला एकमेव कायदा असावा. त्याच कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती नेमावयाची आहे, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात. बाजार पाडण्याचा ठराव येतो तेव्हा ही समिती बसली होती का, तिचे इतिवृत्त कुठे आहे, एवढे विचारले तरी अनेक योजनांची घाई कमी होते.

कामगारांची बाजू याहून कठीण आहे. छत्तीसगढात २०१७ चा नवा दुकाने व आस्थापना कायदा फेब्रुवारी २०२५ पासून अंमलात आला. तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे आणि दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा देतो. पूर्वीचा १९५८ चा कायदा लहान दुकानातल्या एकट्यादुकट्या नोकरालाही आपल्या कक्षेत घेत असे. आता नऊ नोकरांचे दुकान त्या कक्षेबाहेर आहे. मॉलमधली बहुतेक दुकाने नऊ माणसांत चालतात, हे इथे बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. सफाई आणि सुरक्षा ठेकेदारांकडे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि ठेका कामगारविषयक तरतुदींची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर गेली. नूतनीकरणानंतर एका ठेकेदाराचे काम तिघांत वाटले, प्रत्येकाकडे चाळीस माणसे ठेवली, की प्रत्येक ठेकेदार त्या मर्यादेच्या आत राहिला. इमारत तीच, फरशी तीच, पुसणारी बाईही तीच.

तरीही निराश व्हावे असे नाही. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी दिवसभर उभे राहण्याविरुद्ध आवाज उठविला. खुर्ची द्या, एवढीच मागणी. त्या चळवळीतून २०१८ साली केरळच्या दुकान कायद्यात कामावर बसण्याचा हक्क आला आणि २०२१ साली तमिळनाडूनेही तशी तरतूद केली. पंडरीच्या कापडबाजारात किंवा शेजारच्या मॉलमध्ये उभ्या असलेल्या मुलीला अशी खुर्ची का असू नये? नव्या दालनाची सजावट ठरते तेव्हा तिच्या खुर्चीची जागा नकाशावर काढून घेतली तर नंतर लढावे लागणार नाही. इमारत बांधून झाल्यावर खुर्ची मागणे फार अवघड असते. मालक म्हणतो, जागाच नाही.

शेवटी कामाविषयी दोन शब्द. गोल बाजार असो, शास्त्री बाजार असो, अधिकृत आराखडा येण्यापूर्वी आपला आराखडा तयार हवा. प्रत्येक ओटा, प्रत्येक पायरी, तिथे कोण बसते, किती वर्षे बसते, सकाळी कोण आणि संध्याकाळी कोण, सणासुदीला बाहेरगावाहून कोण येते, हे हाताने काढलेल्या नकाशावर नोंदले पाहिजे. हे काम दोन-तीन कार्यकर्त्यांना जमण्यासारखे आहे. दुपारी बाजार थंड असतो तेव्हा बायका बोलतातही मोकळेपणाने. पन्नास वर्षांचा धंदा सिद्ध करावयाचा तर जुनी बैठकीची पावती हाच पुरावा. पुष्कळ घरांत सासूच्या किंवा आजीच्या नावाच्या अशा पावत्या ट्रंकेत पडून असतात, आणि त्यांची शाई उडत चालली आहे. त्या मागून घ्याव्यात, दोन प्रती काढाव्यात, एक नगर पथविक्रेता समितीकडे पोच घेऊन द्यावी, एक संघटनेच्या दप्तरात ठेवावी. मूळ पावती मात्र त्या बाईकडेच परत करावी, आणि कोणी साहेब कितीही गोड बोलून मागायला आला तरी ती त्याच्या हाती देऊ नये, हे तिला समजावून सांगावे.